भिया फोन उचलत नाही

ताई, नमस्कार.

मी ३१ वर्षांची, इंदूरची. एसजीएसआयटीएसमधून इंजिनिअर झाले, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी घरी परत येऊन एका मित्राबरोबर कंपनी काढली. त्याच्या घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. आम्ही ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचं सरकारी बिल) आणि गाडीचा हिशेब सांभाळणारं अ‍ॅप करतो. विजयनगरला ऑफिस. आम्ही दोघं, एक जुना डेव्हलपर, चार ज्युनियर, सपोर्टला एक मुलगी आणि सेल्सला एक मुलगा, असे नऊ जण. अ‍ॅपचं अगदी पहिलं व्हर्जन एका फ्रीलान्सरनं लिहिलं होतं.

जुन्या डेव्हलपरला सगळे 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, म्हणतात. हुशार आहे, रात्र रात्र बसतो. पण सर्व्हर, पासवर्ड, मुख्य कोड, सगळं त्याच्याच हातात. दुसऱ्या कुणी हात लावला की चिडतो. यंदा अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळं गाव झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला बाहेर असताना अ‍ॅप बंद पडलं. एक वाजता क्लायंटचे फोन सुरू झाले. भियाचा फोन लागेना. एका क्लायंटची गाडी सेंधव्याजवळ बिघडली होती, माल दुसऱ्या गाडीत चढवला होता आणि नवा नंबर ई-वे बिलात भरता येईना. सकाळी भिया आला आणि त्यानं दहा मिनिटांत दुरुस्त केलं. सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी डिजिटल खूण, संपलं होतं. दर तीन महिन्यांनी तो ते हातानं नवं करायचा, या वेळी राहिलं. मीटिंगमध्ये पार्टनर त्याला सगळ्यांसमोर नको ते बोलला. तेव्हापासून भिया कामापुरतंच बोलतो.

पार्टनर क्लायंटला काहीही कबूल करून येतो. दोन ज्युनियर सहा महिन्यांत पुण्याला निघून गेले. आत्ताच्या मुलांचा कोड मला बघवत नाही, रात्री बसून मीच परत लिहिते. गुंतवणूकदार म्हणतात बेंगळुरूहून एखादा सीनियर माणूस आणा आणि आणखी पाच जण घ्या. पार्टनर म्हणतो भियाला काढ आणि बाकीच्यांकडून नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घे. भियाला सुरुवातीला कंपनीत दोन टक्के देऊ असं पार्टनर म्हणाला होता, पण तो विषय मग राहूनच गेला. पार्टनरचे बाबा आणि माझे बाबा रामबागेतले जुने शेजारी, त्यामुळे घरीही बोलता येत नाही. काय करू?

– वैतागलेली, इंदूर

*

वैतागलेली,

चार प्रश्न विचारलेस. भियाला काढू का, बाँड घेऊ का, पाच माणसं घेऊ का, बेंगळुरूचा साहेब आणू का. चारही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' किंवा 'आत्ता नाही' आहे, आणि का ते पुढे येईलच. पण मी थांबले ते तू जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याशी. दोन टक्के देऊ म्हटलं होतं, 'पण तो विषय मग राहूनच गेला'. तुमच्या दोघांपुरता राहून गेला असेल. त्याच्यापुरता तो रोज चालू आहे.

भियाच्या खुर्चीत बसून बघ जरा. पहिला डेव्हलपर बाजारापेक्षा कमी पगारावर येतो, कारण त्याला पुढे काहीतरी दिसत असतं. त्याला दोन टक्के दिसत होते. वर्षं गेली, कागद आला नाही, कुणी विषयही काढला नाही. मग एका रात्री चूक झाली आणि ज्यानं शब्द दिला होता तोच माणूस काल आलेल्या पोरांसमोर त्याला बोलला. आता त्याच्या हातात उरलं काय? सर्व्हरची किल्ली. ती तो सोडेल कशाला? यात कपट असेलच असं मला वाटत नाही. ज्याला आपली जागा पक्की वाटत नाही, तो हाती आहे ते घट्ट धरून बसतो, आणि आपण असं करतोय हे बहुतेकदा त्याचं त्यालाही कळत नाही.

तुझ्या कंपनीत सगळंच तोंडी चाललंय. भियाचा हिस्सा तोंडी. पार्टनरनं क्लायंटला कबूल केलेलं तोंडी. सर्व्हर कसा चालतो हे भियाच्या डोक्यात, चांगला कोड कसा असतो हे तुझ्या डोक्यात. धंदा शब्दावर चालतो याचा आपल्या गावाला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. पण तुझ्या पार्टनरच्या घरचाच धंदा बघ. तिथे दोस्ती कितीही जुनी असो, बिल्टी बनल्याशिवाय गाडी गोडाऊनमधून हलत नाही. माल कुणाचा, नग किती, कुठे उतरायचा, भाडं पेड की टू-पे, सगळं लिहिलेलं. हेच शिस्तीचं काम सोपं करणारं अ‍ॅप तुम्ही विकता, आणि स्वतःच्या ऑफिसात बिल्टीशिवाय गाड्या सोडता.

तर सुरुवात भियाच्या कागदापासून. दोन टक्के आज जड वाटत असतील तर तसं त्याला सरळ सांगा आणि जो आकडा खरोखर द्यायचाय तो ठरवा. ठरवा मात्र. गुंतवणूकदार आहेत म्हणजे कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असणार असं मी धरते. ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची, योजना भागधारकांच्या ठरावानं मंजूर करावी लागते आणि कंपनी कायद्याखालच्या २०१४च्या नियमांप्रमाणे ऑप्शन (ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा पर्याय) दिल्यापासून तो हक्काचा होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं. बाजारातली रीत साधारण चार वर्षांची आहे: पहिल्या वर्षी काही नाही, मग हप्त्याहप्त्यानं. भियाला ही रीत जशीच्या तशी लावू नकोस. त्यानं आपली वर्षं आधीच घातलेली आहेत. ती हिशेबात धरून, कायद्याचं एक वर्ष संपताच मोठा वाटा एकदम पक्का होईल अशी मांडणी करता येते. कंपनी सेक्रेटरीला नेमकं हे शब्दांत सांग, नाहीतर तो तयार नमुना छापून तुझ्या हातात ठेवेल. आणि कराचं भियाला आत्ताच समजावून द्या. ऑप्शन वापरून शेअर घेतले की त्या दिवशीचं त्यांचं मूल्य आणि त्यानं भरलेली किंमत यांतला फरक त्याच्या पगारात धरला जातो आणि त्यावर कर लागतो, शेअर विकून हातात एक रुपया आला नसला तरी. ही गोष्ट ऐनवेळी कळली की दिलेला हिस्साही फसवणूक वाटायला लागतो.

हे बोलणं पार्टनरनं करायचं. शब्द त्याचा होता. आणि तो मीटिंगमध्ये जे बोलला त्याबद्दलची दिलगिरी त्यानं त्याच सगळ्यांसमोर व्यक्त करायची, केबिनमध्ये बोलावून नव्हे. तो तयार होणार नाही म्हणशील. मग त्याला विचार की भिया गेल्यावर पुढच्या वेळी एक वाजता तो स्वतः सर्व्हरवर बसणार आहे का. बाबांना यात आणू नकोस, दोघांच्याही. शेजारधर्म निभावायला त्यांना दुसरे विषय आहेत.

आता ती रात्र. तुमचा धंदा असा आहे की रात्रीचा बिघाड सकाळवर टाकता येत नाही. साधारणपणे ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. गाडी बदलली की बिलातल्या गाडीच्या भागात, पार्ट बीमध्ये, नवा नंबर भरल्याशिवाय ती पुढे नेता येत नाही, आणि मुदत तर धावतच असते, २०० किलोमीटरला एक दिवस. (नंबर सरकारी पोर्टलवरून भरता आला असता हे खरं. पण वर्षभर तुमचंच अ‍ॅप वापरणाऱ्या मुनीमजींना पोर्टलचा पासवर्ड रात्री एक वाजता आठवावा, ही अपेक्षा जरा जास्तच.) अशा धंद्यात रात्री फोन कुणी उचलायचा हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. भिया उचलतो म्हणून तोच उचलायचा. तो रात्रपाळीवर होता का? नव्हता. तो झांक्या बघायला गेला असेल तर तो त्याचा हक्क होता. त्याला बोलण्याआधी पार्टनरनं एवढं तरी स्वतःला विचारायला हवं होतं.

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या, कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेसच पुसून टाकला. बॅकअपच्या एकाहून एक सोयी होत्या, आणि गरज पडली तेव्हा त्या निकामी निघाल्या. शेवटी नशिबानं हाती लागलेल्या काही तासांपूर्वीच्या प्रतीवरून सगळं उभं केलं. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. मला यातली नंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनीनं दुरुस्ती चालू असताना ती जगाला उघड दाखवली, आणि पुढे लिहिलेल्या अहवालात पुसणाऱ्याला दोष देण्यात शाई घालवली नाही. प्रश्नामागून प्रश्न विचारत ते इथवर आले की बॅकअप चालतात की नाही हे नेमानं कुणी तपासत का नव्हतं. त्यांचं स्वतःचंच उत्तर होतं: ती जबाबदारी कुणाच्याच नावावर नव्हती. तुमच्या सर्टिफिकेटचंही नेमकं तेच झालं. फुकट मिळणारी ९० दिवसांची सर्टिफिकेटं आपोआप नवी होतील अशी सोय तासाभरात लावता येते, आणि मुदत संपायच्या आधी टीमला इशारा येईल अशीही. ती लावणं हे कुणाचंच काम नव्हतं, म्हणून एक माणूस ते आठवणीनं करत राहिला आणि एकदा आठवण चुकली.

तेव्हा ती मीटिंग परत घे. एका पानावर लिहा: किती वाजता काय झालं, कुणाला कधी कळलं, काय माहीत नसल्यामुळे वेळ गेला, आणि आता कोणती गोष्ट कुणाच्या नावावर. माणसाचं नाव फक्त शेवटच्या रकान्यात.

रात्रपाळी आठवड्याची लाव. तू, भिया, आणि एकेका जाणत्या माणसाच्या जोडीला एक ज्युनियर. क्लायंटला एकच नंबर द्यायचा आणि तो त्या आठवड्याच्या माणसाकडे वळवायचा. पाळीचे वेगळे पैसे, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा, न विचारता. पैसे थोडे असले तरी चालतील, पण दे. फुकटच्या रात्रपाळीला माणूस मनातून कधीच हजर नसतो. तुझं नाव यादीत पहिलं असू दे.

'अ‍ॅप बंद पडलं तर काय करायचं' हे लिहून काढायला हवं, पण ते भियाला लिहायला सांगू नकोस. तो स्वतःला समजेल एवढंच लिहील आणि जे त्याला उघड वाटतं तेच नेमकं गाळेल. ज्युनियरला बसव, भियाला शेजारी. कीबोर्डला हात ज्युनियरनंच लावायचा, भियानं फक्त बोलायचं, आणि ज्युनियर अडला की ती ओळ लिहायची. पहिल्या दिवशी भियाला हे असह्य होईल. होऊ दे. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो आपणहून 'अरे, हे मी आधी सांगायला हवं होतं' म्हणायला लागतो. शिकवण्यातही मान असतो हे कळलं की अशी माणसं अनेकदा उत्तम गुरू निघतात. पासवर्ड कंपनीच्या सामायिक व्हॉल्टमध्ये (पासवर्डच्या डिजिटल तिजोरीत) ठेवा, प्रत्येक गोष्टीला किमान दोघांचा हात पोचेल असे. आणि डोमेन, क्लाउडचं खातं, प्ले स्टोअरचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे ते आजच बघ. यातलं एखादं तरी कुणाच्या तरी खासगी जीमेलवर निघेल अशी मी पैज लावते.

एवढं झालं की भियाला आठवडाभर पगारी सुट्टी दे आणि त्याचा फोन बंद ठेवायला सांग. दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा माल जास्त असतो. एखादा थंड आठवडा निवड. शिक्षा म्हणून नव्हे, तसं त्याला आधीच स्पष्ट सांग. त्या आठवड्यात जिथे जिथे अडेल ते दुरुस्त करून भागवू नका, लिहून ठेवा. पुढच्या महिन्याचं काम त्यातून आपोआप निघेल. बरोबरच एक नियम करून टाक: मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी सर्व्हरवर नवं काही चढवायचं नाही. रंगपंचमीला तर नाहीच. राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) चालू असताना कुणाला फोनची रिंग ऐकू आल्याचं मी अजून तरी ऐकलेलं नाही.

आणि कागद हातात पडला, माफी झाली, पाळी सुरू झाली, तरीही दोन-तीन महिन्यांनी भिया पासवर्ड दाबूनच बसला असेल, तर मात्र त्याला जाऊ दे. तेव्हा ते तुला परवडेल. आज परवडणार नाही, हे पार्टनरला कळत नाहीये.

पार्टनरवर तू चिडलीयस ते पत्रात दिसतं. त्याचंही ऐकून घे. क्लायंटसमोर बसलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं फार कठीण, त्यात आपल्याकडे तर 'हो जाएगा भिया' हे वाक्य चहाच्या आधी येतं. चूक कबूल करण्यात नाही, कबूल केलेलं कुठून आत येतं त्यात आहे. माझा अंदाज असा: तो लोहामंडीतल्या क्लायंटकडून परततो, थेट भियाच्या टेबलाशी जातो, आणि भिया रात्री बसून त्या क्लायंटपुरतं काहीतरी करून देतो. आता कोड उघडून बघ. प्रत्येक मोठ्या क्लायंटच्या नावाची एकेक 'इफ', म्हणजे त्याच्यापुरती वेगळी अट, सापडेल. मेल्विन कॉन्वे नावाच्या संगणकतज्ज्ञानं १९६८मध्येच मांडलं होतं की संस्थेत माणसांचं बोलणं ज्या वाटांनी चालतं, त्याच वाटांसारखी रचना तिनं घडवलेल्या प्रणालीची होते. तुमच्याकडे बोलण्याची वाट एकच आहे, पार्टनर ते भिया. म्हणून कोडही एकाच माणसाला कळणारा झालाय. कोड साफ करायला बसण्याआधी ही वाट बदल.

दर सोमवारी एक कागद भिंतीवर लाव: या आठवड्यात टीम काय करतेय, पुढच्या दोन आठवड्यांत काय करणार. पार्टनरला काहीही नवीन घालायची मुभा आहे, पण त्याच हातानं त्याच कागदावरचं तेवढंच काहीतरी खोडायचं. खोडताना त्याला स्वतःलाच कळतं की कुणाला दिलेला शब्द आपण मोडतोय. क्लायंटला सांगायला त्याला एक वाक्य दे: 'सोमवार को पक्की तारीख बताता हूँ.' ट्रान्सपोर्टवाल्याला नकार चालतो, लटकत ठेवलेलं चालत नाही; हे तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. टीमसमोर तुम्ही दोघं भांडू नका. भांडण दर आठवड्याला होणारच, त्याला रविवारचं पोहे-जिलेबीचं वेळापत्रक द्या.

आता तुझ्याकडे वळते. ज्युनियरचा कोड तू रात्री बसून परत लिहितेस. सकाळी पोरगा येतो, त्यानं दोन दिवस खपून लिहिलेलं गायब, त्या जागी ताईंचा सुंदर कोड. कुणी काही बोलत नाही. तो काय शिकला? हेच की आपण काहीही लिहिलं तरी चालतं, कारण ते टिकत नाही. भिया इतरांना हात लावू देत नाही म्हणून तुझी तक्रार आहे, आणि तूही तेच करतेस, फक्त गोड चेहऱ्यानं. दोन ज्युनियर पुण्याला का गेले याचं सगळं खापर पगारावर फोडू नकोस.

रात्रीचं लिहिणं उद्यापासून बंद. कोड मनासारखा नसेल तर दिवसा, त्याच्याशेजारी बसून, काय खटकतं ते सांग आणि बदल त्यालाच करू दे. दुप्पट वेळ लागेल. पहिले दोन महिने कामाचा वेग घटेल आणि गुंतवणूकदारांना ते दिसेलही. आधीच सांगून ठेव. चालण्याजोगा पण तुझ्या आवडीचा नसलेला कोड असेल तर तो जाऊ दे. ही गोष्ट सगळ्यात अवघड, चांगल्या इंजिनिअरला तर फारच. स्वतः कोड लिहिणं सोडू नकोस, पण जे संपायची चार जण वाट बघतायत असं काम हाती घेऊ नकोस. इशारे, चाचण्या, ते सर्टिफिकेटचं, अशी कामं घे.

प्रत्येकाला आठवड्याला अर्धा तास दे, एकटीनं, ठरलेल्या वेळी. कामाचा हिशेब विचारायला नव्हे, तो कागदावर आहेच. या आठवड्यात कुठे अडलास, कशाचा कंटाळा आला, पुढे काय शिकायचंय. पहिल्या दोन-तीन वेळा 'सब बढ़िया दीदी' एवढंच ऐकायला मिळेल. वेळ मोडू नकोस, मग बोलतात.

आणि पार्टनरचा खरा उपयोग इथे कर. महिन्यातून एक दिवस एकेका ज्युनियरला तो लोहामंडीत किंवा देवास नाक्याच्या गोडाऊनवर घेऊन जाऊ दे. संध्याकाळी सात ते दहा, जेव्हा गाड्या भरतात. एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं बोट स्क्रीनवर, समोर ड्रायव्हर ओरडतोय, अशा अवस्थेत मुनीमजी तुमचं अ‍ॅप वापरतात. 'सेव्ह'चं बटण खाली लपलेलं का चालत नाही हे तिथे एका मिनिटात कळतं, ऑफिसात तासभर समजावूनही कळत नाही. शिवाय आपण केलेलं कुणाच्या तरी कामी येतं हे डोळ्यांनी दिसलेला मुलगा थोडा जास्त टिकतो. तरी जाणारे जातील. पुण्या-बेंगळुरूच्या पगाराशी तू आज बरोबरी करू शकत नाहीस. दोन वर्षं मन लावून काम करून, आपलं काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून कुणी गेलं तर त्याला सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाऊ घालून निरोप दे.

बाँड म्हणूनच नको. नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत जायचं नाही, असली अट आपल्या १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७पुढे सहसा टिकत नाही, आणि पैसे भरण्याचा बाँड भीती घालण्यापलीकडे तुमच्या कामाचा नाही. गावात बातमी मात्र लगेच फिरते की ते लोक बाँड घेतात. नेमणूकपत्रात वाजवी नोटीस, गोपनीयता आणि काम सोपवून जाण्याची अट घाल, पुरे.

पाच माणसांचं. आयबीएमच्या मोठ्या प्रणालीवर काम केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये लिहिलं की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. कारण साधं आहे. नव्यांना शिकवायला जुनेच लागतात, आणि बोलण्याच्या जोड्या वाढतात. नऊ जणांत ३६ जोड्या होतात, चौदा जणांत ९१. तुझ्याकडे शिकवू शकणारे आज दोघं, त्यातला एक बोलत नाही आणि दुसरी रात्रभर कोड लिहिते. गुंतवणूकदारांना हा हिशेब दाखव. बेंगळुरूचा साहेब नऊ माणसांत येऊन करणार काय? तक्ते मागेल, मीटिंग लावेल आणि भिया दुसऱ्याच दिवशी राजीनामा देईल. पंधरा-वीस जण झाल्यावर बघू. एक माणूस मात्र तुझ्याकडे आहे आणि तू तिच्याबद्दल अर्धी ओळ लिहिलीस: सपोर्टची मुलगी. सगळ्या शिव्या ती ऐकते, म्हणजे काय मोडतं हे तुमच्यात सर्वांत जास्त तिला माहीत. नवं काही चढवण्याआधी ते तिच्या हाती दे आणि तिनं 'हो' म्हटल्याशिवाय चढवू नका. हळूहळू तिला टेस्टिंग शिकव. पगारही वाढव.

राहिला तो फ्रीलान्सर, ज्याच्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. नोकरीवरच्या माणसानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. फ्रीलान्सरचं तसं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या लेखी संगणक प्रणाली ही साहित्यकृती (हो, तुझं बिल्टीचं अ‍ॅपसुद्धा), आणि तिचे हक्क लेखी, सही केलेल्या कागदानं सोपवल्याशिवाय लिहिणाऱ्याकडेच राहतात. पैसे पूर्ण दिले असतील तरी. आणि कागद करताना मुदत लिहायची राहिली तर हक्क फक्त पाच वर्षांसाठी मिळाले असं धरतात, प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारतापुरते. तेव्हा 'कायमचे, जगभरासाठी' हे शब्द वकिलाकडून त्यात घालून घे. पुढच्या फेरीच्या गुंतवणूकदाराचा वकील हा कागद मागणारच, आणि तो मागेल तेव्हा त्या फ्रीलान्सरला आपली किंमत कळलेली असेल. आत्ता फोन केलास तर थोडक्यात सही करून देईल. थोडे पैसे मागितले तर घासाघीस करू नकोस, दे.